मोठच्या बसमधून आलेले शब्द

आमच्या वर्तमानपत्राचं झाशीचं डेस्क बंद होणार, ही बातमी आम्हाला छापायची नव्हती. ती तोंडी सांगण्यात आली. संपादकांनी सगळ्यांना मागच्या खोलीत बोलावलं आणि उभ्या उभ्या सांगितलं, की यापुढे झाशीची पानं लखनौला लागतील. बातमीदार इथेच राहतील. आम्ही उपसंपादकांनी होळीनंतर लखनौला रुजू व्हायचं, ज्यांना जमणार नाही त्यांनी तसं कळवायचं. त्या दिवशी चहा आला नाही. दसरा नुकताच झाला होता.

घरी तिघं होतो. बाबा इंजिनिअरिंगच्या एका सरकारी कंपनीत नोकरीसाठी तरुणपणी साताऱ्याकडून झाशीला आले होते. निवृत्त झाल्यावर कंपनीची कॉलनी सोडून त्यांनी खंडेराव गेटजवळच्या गल्लीत दोन खोल्यांची जागा घेतली. कारण एकच सांगायचे: इथे सकाळी कोणीतरी मराठीत हटकतं. बायको सांगलीची. लग्नासाठी तिथली शाळेची नोकरी सोडून आली आणि काही वर्षं घरात बसल्यावर तिला मोठच्या एका शाळेत गणित शिकवायला जागा मिळाली. मोठ म्हणजे कानपूर रस्त्यावरचं तहसिलीचं गाव, धान्याची मोठी मंडी. जायला यायला बस. पुढच्या सत्रापासून कायम करू, असं शाळेने तिला सांगितलं होतं.

लखनौचं सांगितलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं नाही.

"तुम्ही जा," ती म्हणाली. "मी एकदा नोकरी सोडलीये. दुसऱ्यांदा नाही."

"आणि मी?" बाबांनी विचारलं.

"तुम्ही कुठे जाताय बाबा? लखनौला तुम्हाला मराठीत कोण हटकणार?"

म्हणजे प्रश्न सरळ होता. होळीपर्यंत घरखर्च दुसरीकडून निघाला तर मी झाशीत राहणार, नाही निघाला तर एकटा लखनौला जाणार. दुसरीकडून म्हणजे कुठून, हे कोणालाच माहीत नव्हतं. वेबसाइटची कल्पना ऑफिसातल्या एकाकडून आली. त्याचा मेहुणा वेबसाइटवर लिहायचा, पानावर जाहिराती लागायच्या, वाचकाने जाहिरात पाहिली किंवा दाबली की पैसे. लिहिणं मला येत होतं. काय लिहायचं, हे ठरवायचं होतं.

ते ठरवण्यात थंडीचे पहिले आठवडे गेले. आज मागे वळून पाहिलं तर आमच्या घरातला तो सर्वांत बोलका काळ होता. जेवणाचं टेबल पुसून त्यावर लॅपटॉप ठेवला जायचा. एक साधन होतं: त्यात शब्द टाकला की तो शब्द किती लोक शोधतात आणि त्या शब्दाच्या जाहिरातीवर एका क्लिकला जाहिरातदार साधारण काय मोजायला तयार आहे, हे समोर यायचं. बाबांना त्याचं वेड लागलं. चष्मा पुसून ते एकेक शब्द सांगायचे आणि भाव विचारायचे, जणू मंडईत उभे आहेत.

"पुरणपोळी टाक."

पुरणपोळी पुष्कळ लोक शोधत होते. भाव जवळजवळ काही नाही.

"झाशीचा किल्ला."

तेच. माणसं फोटो पाहतात आणि जातात.

"संधिवात."

थोडा बरा.

"विमा टाक बघू."

आकडा एकदम वर गेला. 'कर्ज' टाकल्यावर आणखी वर. बाबा खुर्चीत मागे टेकले.

"म्हणजे माणूस अडचणीत असला की महाग."

"माणूस नाही बाबा, शब्द," बायको म्हणाली. "माणूस तितकाच स्वस्त राहतो."

पण महाग शब्दांना कुंपण होतं. नुसत्या 'कर्ज' या शब्दावर लिहिलं तर पुढे मोठमोठ्या बँका आणि त्यांच्यासाठी दिवसभर लिहिणारी माणसं उभी. आमचं पान शोधणाऱ्याच्या नजरेला कधीच पडलं नसतं. मोठ्या शब्दाच्या आत बसणारा एक लहान शब्द हवा होता. त्यामागे पैसे मोजणारा जाहिरातदार असावा, पण त्यावर नीट लिहिणारा कोणी नसावा. इंग्रजीत या जागेला नीश म्हणतात. बाबा त्याला कोनाडा म्हणायला लागले आणि घरात तोच शब्द राहिला.

कोनाडा सापडला तो वर्तमानपत्रामुळेच. दरवर्षी धनत्रयोदशीच्या आधी आमची बातम्यांची जागा आक्रसायची, कारण मोठ, चिरगाव, बरुआसागर इथल्या ट्रॅक्टरच्या एजन्सींच्या जाहिराती पानंच्या पानं खायच्या. डेस्कवर आम्ही त्यांच्यावर वैतागायचो. तेव्हा कोणी विचार केला नव्हता, की इतक्या जाहिराती जिथे येतात तिथे विचारणारेही तितकेच असणार. ट्रॅक्टरचं कर्ज, ट्रॅक्टरचा विमा, जुन्या ट्रॅक्टरचे कागद. साधनात टाकून पाहिलं. भाव चांगला होता आणि जी पानं वर येत होती ती वाचून काहीच कळत नव्हतं.

"आपल्या घरात ट्रॅक्टरवर कोणी बसलंय का?" बाबांनी विचारलं.

"मी," बायको म्हणाली. "बस बंद पडली होती तेव्हा. ट्रॉलीत. वाटाण्याच्या पोत्यांवर."

"ट्रॉली म्हणजे ट्रॅक्टर नव्हे."

"मग विम्यात ती वेगळी धरतात का? लिहा त्याच्यावर. परवा बसमध्ये दोघं याच्यावरच भांडत होते."

तिथून कामाची रीत बसली. वेबसाइट हिंदीत होती. माझ्या मनात येणारे शब्द डेस्कवरचे होते: ट्रैक्टर ऋण, अदायगी में चूक, स्वामित्व हस्तांतरण. असे शब्द कोणी शोधत नव्हतं, साधनात त्यांच्यापुढे शून्य दिसायचं. लोक कसं विचारतात हे बसमध्ये कळत होतं. ती संध्याकाळी दारात चपला काढता काढताच बोलायला लागायची, कारण हात धुवून बसेपर्यंत वाक्य बदलून जाईल अशी तिला भीती असायची.

"पुराना टैक्टर नाम पै कैसें चढ़त है. हे असंच. बदलू नका."

"बदलत नाही."

"काल बदललं होतंत. मी वाचलं. 'नामांतरण' केलं होतंत."

तिची बुंदेली ऐकून मोठमधल्या मुली हसायच्या आणि आमची मराठी ऐकून ती हसायची. मी बाबांना एकदा 'मी आत्ताच न्हाऊन आलो, तुम्ही पण न्हाऊन घ्या, पानी गरम है' असं म्हटल्याचं ती माहेरी फोनवर पुन्हा पुन्हा सांगत असे. पण शब्द उचलण्यात तिच्याइतकं काटेकोर मी कोणाला पाहिलं नाही. कंडक्टर काय म्हणाला, खत नेणारा माणूस काय म्हणाला, त्याला शेजारच्याने काय उत्तर दिलं, सगळं त्याच क्रमाने. ती वाक्यं मी थोडी प्रमाण हिंदीत बसवून साधनात टाकायचो. पाचातली तीन रिकामी जायची. एखाद्या वाक्याला शोधणारे निघायचे, भाव निघायचा, आणि स्पर्धा जवळजवळ नसायची. अशा वेळी बाबा टेबलावर थाप मारायचे.

सगळ्यांत चांगलं निघालेलं वाक्य हे होतं: किस्त रह जाए तो ट्रैक्टर खींच ले जाएँगे क्या. हप्ता चुकला तर ट्रॅक्टर ओढून नेतील का.

उत्तर मी कचेरीजवळ बसणाऱ्या एका वकिलाकडून तपासून घेतलं आणि आमच्या पद्धतीने लिहिलं. पहिली ओळ: एक हप्ता चुकला म्हणून लगेच ट्रॅक्टर नेता येत नाही, आधी लेखी नोटीस द्यावी लागते, नोटीस मागा, आणि कोणी जबरदस्ती केली तर पोलिसांत तक्रार करा. त्याखाली तपशील.

पानावर माणसं यायला लागली. संक्रांतीपर्यंत आम्ही शोधात वर दिसायला लागलो होतो. पैसे मात्र येत नव्हते. कितीतरी दिवस मला कारणच कळेना. मग वाचक पानावर किती वेळ थांबतात ते पाहिलं. ते थांबतच नव्हते. पान उघडायचं, पहिली ओळ वाचायची, निघून जायचं. जाहिराती खाली होत्या, तिथपर्यंत कोणी पोहोचत नव्हतं.

ही चूक फक्त वर्तमानपत्रातल्याच माणसाने केली असती. आमचे जुने डेस्कप्रमुख, जे हे सगळं व्हायच्या आधीच निवृत्त झाले, नव्या मुलाला पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगायचे: "पाठक को बस पकड़नी है। एक लाइन पढ़ेगा। जो बताना है उसी में बता दो।" मी पहिली बातमी दिली होती ती बरुआसागरच्या तलावाजवळ आलं भरलेला ट्रक उलटल्याची. तिची सुरुवात मी सकाळच्या धुक्यापासून केली होती. त्यांनी धुकं खोडलं, तलाव खोडला, आणि विचारलं, "कोई मरा?" नाही, म्हटलं. "तो पहले यही लिखो। उसकी अम्मा पढ़ रही होगी।" पुढची सगळी वर्षं मी तसंच लिहिलं. सवय हातात उतरली होती.

इतरांची पानं उघडून पाहिली. सगळ्यांनी उत्तर तळाशी ठेवलं होतं. आधी ट्रॅक्टर म्हणजे काय, मग शेतीत त्याचं महत्त्व, मग कर्जाचे प्रकार, मध्ये मध्ये जाहिराती, आणि अगदी शेवटी, कधी कधी, जे विचारलं होतं ते. मी त्यांना लिहिता येत नाही असं समजत होतो. पैशाच्या हिशेबात त्यांचंच बरोबर होतं.

मी उत्तर खाली नेलं. वर परिच्छेद चढवले. ट्रॅक्टर म्हणजे काय हे लिहिताना बाबा मागे उभे राहून वाचत होते.

"हे कोणाला माहीत नाही?"

"सगळ्यांना माहीत आहे."

"मग?"

"ते वाचेपर्यंत जाहिरात दिसते."

त्या दिवसापासून संध्याकाळी शब्द टाक म्हणून त्यांनी खुर्ची ओढली नाही, पेपर घेऊन खाटेवर बसायला लागले.

कमाई वाढली. लगेच, आठवड्याभरातच. होळी अजून लांब होती आणि हिशेब पहिल्यांदाच जमेल असा दिसायला लागला. मी तिला स्क्रीन दाखवली. ती पाहत राहिली, मग म्हणाली, "म्हणजे लखनौ रद्द?" मी म्हटलं, असंच चाललं तर रद्द. तिने त्या रात्री सांगलीला फोन करून आईला सांगितलं की होळीला पुरणपोळ्या झाशीतच, सगळ्यांनी या.

मग तो बुधवार आला. ती बसमधून उतरून घरी आली ती चपला काढता काढता बोलली नाही. आत येऊन बसली. पाणी प्यायली.

"आज तुमच्या वेबसाइटचं काम मी खिडकीतून केलं," ती म्हणाली.

सकाळच्या बसला गर्दी होती. ती पुढे बायकांच्या सीटवर खिडकीशी होती, मागे दाराजवळ एक माणूस उभा होता. त्याला भावाचा फोन आला. अख्ख्या बसला ऐकू गेलं: कर्ज देणाऱ्या कंपनीची माणसं दारात आलीत, ट्रॅक्टर न्यायला, चावी मागतायत. हा म्हणाला, देऊ नको, मी येतोय. भाऊ म्हणाला, काय सांगू त्यांना? याने फोन कापला आणि शेजारच्या पोराला म्हणाला, देख तो, किस्त रह जाए तो खींच सकत हैं का. पोराने फोनवर शोधलं आणि मोठ्याने वाचायला लागला. ट्रॅक्टर हे आधुनिक शेतीचं महत्त्वाचं साधन आहे.

"ते वाक्य ऐकून मी वळले," ती म्हणाली. "म्हटलं, हे कुठेतरी वाचलंय. मग आठवलं कुठे."

पोरगा वाचत होता. लोक म्हणत होते, आगे बढ़ाओ, आगे. एक म्हातारा म्हणाला, "काए भैया, जो टैक्टर बेंच रओ का?" हा काय ट्रॅक्टर विकतोय? हशा पिकला. तो माणूस हसला नाही. पोराने बोट सरकवलं, जाहिरात उघडली, बंद करता येईना. मोठचा थांबा यायच्या आधीच त्याचं गाव आलं. तो उतरला.

"मी ओरडले. खिडकीतून. 'भैया, नोटिस माँगो, लिखा हुआ नोटिस, बिना नोटिस नहीं ले जा सकते!' बस सुटली होती."

"ऐकलं का त्याने?"

"माहीत नाही. पळत होता."

बाबा खाटेवरून पाहत होते. मी काही बोलायच्या आत तीच पुढे म्हणाली, "उत्तर वर घ्या."

"हिशेब माहीत आहे ना तुला? होळीला..."

"गणित शिकवते मी," ती म्हणाली. "घ्या वर."

मी समजावून पाहिलं. तो एक माणूस, बाकीचे सगळे काही घाईत नसतात. कोणी घरी निवांत बसून वाचतो. दोन महिन्यांचाच प्रश्न आहे, एकदा जम बसला की वर घेऊ. ती ऐकत होती. मग तिने विचारलं, "हा प्रश्न निवांत बसून कोण विचारतं, एक माणूस सांगा." लखनौला मी जाणार होतो, पण या घरात एकटी संध्याकाळची परतणार ती होती, बाबांची औषधं आणि गॅसचा नंबर तिला बघायचा होता. सगळ्यांत जास्त जाणार होतं ते तिचं. आणि तीच सांगत होती.

त्याच संध्याकाळी मी प्रत्येक पानावरचं उत्तर पहिल्या ओळीत आणलं. ट्रॅक्टर म्हणजे काय, हे काढून टाकलं. बाबा खुर्ची ओढून शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "पुढचं पान."

कमाई खाली आली. पूर्ण नाही, पण घरखर्चाला पुरणार नाही इतकी. डेस्कवर हेही शिकलो होतो, की पहिली ओळ देऊन झाल्यावर दुसरी अशी द्यायची की माणसाला आपणहून पुढे वाचावंसं वाटेल. तसं लिहायला लागलो: नोटीस आली असेल तर काय, ट्रॅक्टर नेऊन झाला असेल तर काय. त्याने थोडा फरक पडला. होळीपर्यंत पुरेसा नाही.

होळीला सांगलीची माणसं आली. पुरणपोळ्या झाल्या. नंतर मी एक पेटी घेऊन लखनौला गेलो. घर झाशीतच राहिलं.

पुढची काही वर्षं दर शनिवारी परतीची गाडी. तिला शाळेने कायम केलं, सांगितलं होतं त्यापेक्षा एक सत्र उशिरा. वेबसाइट चालू होती, तिच्यातून बाबांची औषधं आणि माझं जाणं-येणं निघायचं. शब्द फोनवर यायला लागले. ती दारात चपला काढतेय हे मला पलीकडून ऐकू यायचं, मग वाक्य, मग "बदलू नका." बाबा मागून भाव विचारायचे. ते गेले त्यानंतर तो प्रश्न कोणी विचारत नाही. साधन तसंच आहे. मी अजूनही शब्द टाकला की आकडा मोठ्याने वाचतो, लखनौच्या खोलीत, एकट्याने.

यंदा हिवाळ्यात सुटी घेऊन आलो होतो. शाळेचा काही कार्यक्रम होता म्हणून तिच्याबरोबर मोठच्या बसमध्ये बसलो. खिडकीशी ती, वाटेकडच्या बाजूला मी. पुढच्या सीटवर एका तरुणाने फोन तोंडाशी धरला आणि त्याला विचारलं, "टैक्टर की किस्त टूट गई, उठा तो नहीं ले जाएँगे?" हल्ली फोन स्वतःच उत्तर देतो. पान उघडावं लागत नाही. बाईच्या आवाजात उत्तर आलं: एक किस्त छूटने पर ट्रैक्टर तुरंत नहीं ले जाया जा सकता, पहले लिखित नोटिस देना होगा, नोटिस माँगिए.

वाक्य माझं होतं. कुठे थांबायचं तेसुद्धा. पान कोणी उघडलं नव्हतं, म्हणजे आमच्याकडे काही मोजलं गेलं नसणार. गेलं वर्षभर आकडे खाली का येत होते, ते मला तिथे कळलं. पुढच्या वर्षी वेबसाइटचं भाडं भरण्यात अर्थ आहे की नाही, हेही.

तिने माझ्या दंडाला कोपर लावलं. तो तरुण फोन खिशात घालून उठला, शेजारच्याला म्हणाला, "नोटिस तो आओ नईं," नोटीस तर आलेलीच नाही, आणि त्याच्या गावाला उतरला. घाईत नव्हता. रस्त्याकडेला उभं राहून त्याने तंबाखू मळायला घेतली. बस सुटली तरी ती मान वळवून मागे पाहत होती.

"ऐकलं त्याने," ती म्हणाली.